मेळ्यात दाजींचं पोट भरेना

राज्य मेळ्याला वर्षभरात वारलेली माणसं एका दिवसापुरती येतात, आणि त्यांना पोटभर जेवायला घालून परत पाठवणं हे घरच्यांचं काम असतं.

यंदा आमचे दाजी होते. म्हणजे माझी थोरली बहीण इंदूअक्का, तिचे यजमान, धोंडीराम सावर्डेकर. श्रावणात गेले, तेव्हापासून अक्का आमच्याकडेच होती. मेळा पौषात भरतो, त्यामुळे तयारीला वेळ मिळाला. अक्का म्हणाली, तू चल सोबत. मी लगेच हो म्हणालो. खोटं कशाला बोलू, मेळ्यात प्रत्येक जिल्ह्याचं खाणं एका ओळीत मांडलेलं असतं, आणि मी खाण्याच्या बाबतीत पहिल्यापासून जरा सैलच आहे.

दक्षिणेच्या फाटकाशी फलक आहे. माझा चष्मा घरी राहिला होता म्हणून अक्काने वाचून दाखवला. प्रत्येक कुटुंबातून एकच व्यक्ती उत्तरेच्या फाटकाने जाईल. ज्याचं पोट आधी भरेल त्याने तसं सांगावं. कुणी सांगेपर्यंत त्या कुटुंबातल्या इतरांना मैदान सोडता येणार नाही. खाली लहान अक्षरांत, द्रोण-पत्रावळी कुठेही टाकू नयेत, असं होतं.

नियम सुटसुटीत आहे. वारलेल्यांची भूक मोठी दिसते पण पोट लवकर भरतं, दुपारपर्यंत बहुतेक जण वाटेला लागतात. जिवंत माणसांनी फक्त जपून खायचं. पोट भरलं आणि गप्प राहिलं, असं मात्र चालत नाही. ते तोंडातून निघतंच, ढेकर निघावी तसं. म्हणून जाणते लोक घासभर चाखून द्रोण खाली ठेवतात. अक्काने तर त्या दिवशी कडक उपास धरला होता.

दाजी बैलांच्या स्पर्धेच्या मांडवापाशी उभे होते. नेलं तेव्हा नेसवलेलं पांढरं धोतर अंगावर होतं आणि केस ओले होते. त्या दिवशी शेवटची आंघोळ घातली होती, तेव्हापासून ते वाळलेलेच नव्हते. पाणी कानामागून मानेवर ओघळत होतं. अक्काने पदराने पुसायला हात वर केला आणि मग खाली घेतला. कसे आहात, असं तिने विचारलं. दाजी म्हणाले, "काय काय आहे इथं?"

वारलेली माणसं जेवणाखेरीज दुसरं बोलत नाहीत. त्याचं मनाला लावून घ्यायचं नसतं, पण अक्काने घेतलं. तिचा चेहरा पडला.

आम्ही खानदेशापासून सुरुवात केली. काट्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. दाजींनी तीन भाकरी खाल्ल्या, मी एका भाकरीचा पापुद्रा. पुढे नागपूरची सांबारवडी, मग मालवणचं मटण आणि वडे, मग कोल्हापूरचा पांढरा रस्सा. अक्का ओळीत उभी राहायची, द्रोण आणायची, दाजींच्या हातात द्यायची. मी चव बघायचो. मांडे खाताना माझा जरा तोल गेला हे खरं. मांडा एवढा पातळ असतो की किती खाल्ला ते कळतच नाही.

आजूबाजूला लोकांची माणसं एकेक करून मार्गी लागत होती. एक म्हातारी खरवस खाता खाता थांबली, भरलं बाई, म्हणाली. मेळ्याच्या माणसाने तिच्या मनगटाला निळी फीत बांधली. तिच्या सुना रडल्या, पण मोकळेपणानं, काम नीट पार पडल्यावर रडतात तसं. दाजी मात्र पुढचा मांडव कुठला, असं विचारत राहिले.

मग मी एक गाढवपणा केला. दाजींना जरा विरंगुळा म्हणून आकाशपाळण्यात बसवलं. वरून सगळा मेळा दिसला, बक्षीस मिळालेला भोपळा दिसला, आणि उत्तरेचं फाटकही दिसलं. फाटकापलीकडे नांगरून ठेवल्यासारखी काळी जमीन होती आणि तिच्यावरून फीत बांधलेली माणसं चालली होती. वाट नव्हती, तरी कुणी अडखळत नव्हतं. कुणी वळून बघत नव्हतं. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मला भूक लागते. खाली उतरल्यावर कळलं की हिंदकळून दाजींचं खाल्लेलंही जिरलं होतं. त्यांनी पुन्हा भरितापासून सुरुवात केली.

दिवेलागणीला मैदानात आम्ही तिघंच उरलो. मांडववाले भांडी घासायला लागले होते. मेळ्याचे अधिकारी काळसेकर हातात फितीचं रीळ घेऊन आमच्यामागून चालत होते. सभ्य गृहस्थ. घाई नाही, म्हणाले, पण फाटक कुणीतरी गेल्याशिवाय लावता येत नाही.

मी पट्ट्याकडे हात नेला. पट्टा शेवटच्या भोकावर होता. जिल्ह्याजिल्ह्याचं घासभर मिळून माझ्या पोटात चांगलंच झालं होतं, आणि घशाशी काहीतरी येऊन थांबल्यासारखं वाटत होतं. शब्द होते ते. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. अक्काने माझ्याकडे बघितलं. तिने मला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलंय, माझं पोट किती भरलंय हे तिला माझ्या आधी कळतं.

ती सोलापूरच्या मांडवात गेली आणि पाटावर बसली. भाकऱ्या थापणाऱ्या बाईंना म्हणाली की तवा उतरवू नका. मग मला म्हणाली, "रंगा, मला वाढ."

मी वाढलं. दुसरं काय करणार होतो? सकाळपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तव्यावरून टम्म फुगलेली भाकरी, झुणका, ठेचा, वर लोण्याचा गोळा. अक्का सावकाश खात होती. दुसरी भाकरी वाढली. तिसरीला ती जरा थांबली आणि माझ्यातला माहेरचा माणूस जागा झाला. आमच्याकडे पाहुण्याने नको म्हटलं की वाढणाऱ्याचा हात थांबत नाही. तो हात डोक्याचं ऐकत नाही.

"घे की गं अजून एक," मी म्हणालो. "माझ्या वाटणीची घे."

"किती वर्षांनी तव्यावरची खाल्ली रे," अक्का म्हणाली. "सगळ्यांचं झाल्यावर शेवटची गार झालेली असायची."

"मग तर घ्यायलाच पायजे. माझ्या गळ्याची शपथ."

तिने ती चौथी खाल्ली. पाचवी घेऊन मी वाकलो तेव्हा तिने ताटावर हात आडवा धरला, माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "नको. भरलं पोट."

काळसेकर पुढे आले. मी त्यांना सांगितलं की ही जिवंत आहे, वारलेत ते पलीकडचे, ओल्या केसांचे. ते म्हणाले, फलकावर तसा भेद केलेला नाही. मी म्हणालो, अहो, ती रीत म्हणून बोलली, मी आग्रह करत होतो. त्यांनी मान हलवली. बरेच जण रीत म्हणूनच बोलतात, ते म्हणाले, आणि अक्काचा हात अलगद पुढे घेतला. फीत बांधताना ती घट्ट होत नाही ना, असंही विचारलं.

अक्काने चूळ भरली. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधायचा राहिलाय, तेवढं वंदनाला सांग, म्हणाली. वंदना म्हणजे माझी बायको. दाजींसमोर ती क्षणभर उभी राहिली. दाजी तिच्या ताटात उरलेल्या झुणक्याकडे बघत होते. मग ती उत्तरेकडे गेली. मी तिला दोनदा हाक मारली. काळ्या जमिनीवरून ती सरळ चालत होती, आणि तिच्या चालण्यात नेहमीची लगबग नव्हती. मी मैदानात बसून पोरासारखा रडलो.

फाटक लागल्याचा आवाज झाला आणि दक्षिणेचं उघडलं. दाजी माझ्यामागून आले आणि गाडीत मागच्या सीटवर बसले.

वंदना भाकरतुकडा घेऊन दारात आली, तिने माझ्यामागे कोण उभं आहे ते पाहिलं आणि अक्का कुठे आहे असं विचारलं. मी सांगितलं. तिने भाकरतुकडा आम्हा दोघांवरून ओवाळून टाकला, आत गेली, बराच वेळ बाहेर आली नाही. मग कुकरची शिट्टी झाली. तिने दाजींसाठी पाट मांडला आणि गळणारं पाणी टिपायला पाटाखाली पोतेरं घातलं.

वरणभात वाढला. दाजींनी भात कालवला, घास उचलला आणि हात तसाच धरून ठेवला. केसांतलं पाणी ताटात पडत होतं.

"इंदू जेवली का?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या लग्नापासून मी त्यांच्या पंगतीला बसत आलोय. हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"जेवली," मी म्हणालो. "पोटभर जेवली."

दाजींनी घास खाल्ला, ताट थोडं पुढे सरकवलं आणि वंदनाने भात वाढला.