तोफेचे बैल सोडिले त्याची हकीकत

श्री. ज्याचे नाव घेतलियाविना दौतीत बोरू बुडवू नये, त्या गजाननास नमन करून लिहितो. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सरी, भाद्रपद मासी वर्तमान जाहले ते ऐसे. एक राज्य होते. नाव लिहीत नाही, कारण तेथील मंडळी हयात आहेत आणि रागीट आहेत. दोघे भाऊ गादीस भांडले आणि मुलूख उजाड जाहला आणि रयत डोंगरात पळाली, आणि हैबती म्हणून एक पुंड होता, तो भुकेल्यास भाकर देऊन आपले टोळीत ओढू लागला. मग धाकटे भाऊ गादीवर बसले, त्यांनी दोघे थोर पुरुष रवाना केले. सरदार सुभानजीराव आटोळे यांनी फौजेनिशी हैबतीस आवरावे, आणि त्रिंबकपंत कारभारी यांनी रयत वसवावी, आणि उभयतांनी एकविचारे वर्तावे. उभयतांनी बेलभंडार उचलून शपथ वाहिली, आणि मग रावांनी नदीचे अलीकडे डेरे दिधले, पंतांनी पलीकडे.

रावांनी वाटा राखिल्या आणि मोठी तोफ गावोगाव फिरविली, तिजला पाहून हैबती रानात दडला. तोफ ओढावयास बैल गावांतूनच धरून आणिले होते. पंतांनी अभयाचा कौल दिधला आणि शाळूचे बियाणे, कीड लागू नये म्हणोन राख लावून, घरोघर वाटिले. बोरखेडची साळाबाई पाटलीण, जिचा नवरा लढाईत पडला होता, ती कौलावर भरवसा ठेवून आपला गाव डोंगरावरून खाली घेऊन आली. रावांनी हुजुरास कळविले, मुलूख शांत आहे. पंतांनी कळविले, बियाणे पोहोचले. दोन्ही खरे. हुजुरांनी संतोषून उभयतांस शालजोड्या पाठविल्या. शेत मात्र एकही नांगरिले नव्हते.

साळाबाई पंतांकडे गेली. पंत बोलिले, "बाई, बैल लष्कराचे हाती. लष्करात आम्ही बोट घालीत नाही." मग रावांकडे गेली. राव बोलिले, "शेतीचे पंतांस सांगा. आम्ही तलवारीची माणसे." ऐशा नदीपार खेपा घालिता बाईच्या वहाणा झिजल्या आणि जमिनीची ओल उडू लागली आणि गावचे तरणे लोक हैबतीच्या रानाकडे पाहू लागले. मग बाईने उभयतांस जेवावयास बोलाविले. पाटलिणीचे बोलावणे मोडवेना. रावांस भाकर वाढिली. पंत सोवळ्याचे, म्हणोन त्यांस कोरडा शिधा दिधला. पंतांनी सुपात हात घातला तो बोटांस राख लागली.

"हे तो बियाणे!" पंत दचकोन बोलिले.

"व्हय जी," साळाबाई बोलली. "रावांच्या ताटातबी त्येच हाय. बैल न्हाईत, मग पेरू कशी? घरोघर ह्येच दळत्यात. ह्ये सरलं की गाव हैबतीकडं जाईल. तुमच्या शब्दावर म्या त्यास्नी खाली आणलं, आता कोन्या तोंडानं अडवू?"

रावांचा घास हातीच राहिला. मग हळू बोलिले, "बैल सोडिले तर तोफ जागची हलणार नाही. हैबती आला तर हुजूर आमची मान घेतील."

पंत बोलिले, "हुजुरास लिहा, पंतांनी हट्ट केला म्हणोन सोडिले."

"बैल आम्ही धरिले, दोष आमचा. तुम्ही मध्ये येऊ नये!"

शपथेपासोन उभयतांत धड बोलणे हेच पहिले, आणि तेही भांडण. दाराशी दौत घेऊन बसलेल्या या लिहिणारास ऐकोन फार बरे वाटले. मग रावांनी भाकर लेकरांस दिधली, आणि पंतांनी सूप मागे सारून सांगितले की आज आम्हांस एकादशी आहे. तिथी नवमी होती.

दुसरे दिवशी बैल सुटले. शिपायांनी नांगर धरिले, मातीतले तास वाकडे गेले आणि बाया पदर तोंडास लावून हसल्या. बियाणे उणे पडले तेथे घोड्यांचे तोबऱ्यातला हरभरा पेरिला. तोफ शिवेवर बाभळीखाली उभी राहिली. माघात हैबती टोळी घेऊन आला, तो पुढे उभे पीक आणि बायांचे हाती विळे. टोळीतले कितीएक उतरून आपापल्या शेतात गेले ते परतले नाहीत, आणि हैबती चार घोड्यांनिशी निघोन गेला. पुढे हुजुरांनी तोफ मागविली. उभयतांनी एकच उत्तर पाठविले की बैल मळणीस आहेत.

सारांश, मुलूख वसला. फाल्गुनात साळाबाईने उभयतांस पुन्हा बोलाविले. रावांस भाकर वाढिली आणि पंतांस शिधा दिधला. पंतांनी सुपात हात घालून बोटे पाहिली, राख नव्हती. मग पंतांनी चूल मांडिली, आणि राव वाढिले ताट पुढ्यात घेऊन, पंतांचे शिजेतो, थांबून राहिले.