घोडी बुक आहे

भगवानरावांनी घोडीचे दात पाहिले, खूर पाहिले, शेपटी उचलून पाहिली आणि खाटेवर बसत म्हणाले, "निजामभाई, पसंत हाये. फक्त एक डाव तुमी बसून दाखवा."

निजामभाईंनी हातातला कप बशीत ठेवला. "मी काऊन?"

"मंग कोन? शेगावच्या रस्त्यावर माही बाग हाये, तिथं लेकरं बसतीन हिच्यावर. ज्या घोडीवर मालकच बसत नाही, तिच्यावर मी लोकायचे लेकरं कसे बसवू? शुक्रवारी येतो. एक चक्कर मारा, मी लगेच नेतो."

मागणी रास्तच होती, आणि तिथंच सगळी अडचण होती. रोहिणखेडच्या पंचक्रोशीत वरातीची घोडी म्हटली की निजामभाईंची नूरी. आजवर किती नवरदेव त्यांनी वर चढवले याची गणती नव्हती. प्रत्येकाच्या गुडघ्यावर थाप मारून ते म्हणायचे, "भेऊ नका, नवरदेव. पाठ सरळ, नजर समोर. लगाम माह्या हातात हाये." पण मोठेपणी ते स्वतः एकदाही घोड्यावर बसले नव्हते. लहानपणी अब्बांनी एकदा उचलून वर ठेवलं, तेव्हा जमीन जी लांब गेली ती त्यांच्या मनात पुन्हा कधी जवळ आली नाही. स्वतःच्या निकाहालाही ते सायकलवर गेले होते. "घोडी बुक होती," असं त्यांनी बानोला सांगितलं होतं. बानोनं ते ऐकून घेतलं, फक्त तेव्हापासून घरी पाहुणा आला की चहासोबत हेही वाढायची, "घोडीवाल्याची बायको मी, अन् नवरा आला सायकलवर."

नूरी विकायची वेळ येईल असं त्या घरात कुणाला वाटलं नव्हतं. पण त्या साली बीटी कपाशीची बोंडं फोडावीत तर आत गुलाबी अळी. ज्यांच्या घरी लग्नं ठरली होती त्यांनी ती पुढे ढकलली. ज्यांची ढकलता येईनात त्यांनी ओसरीवर चार माणसांत उरकली. ओसरीवरच्या लग्नाला घोडी कशाला लागते? विकायचं निजामभाईंनी ठरवलं. बानो रोजच्यासारखी नूरीसाठी हरभऱ्याची डाळ भिजत घालत राहिली.

शुक्रवारी सकाळीच ते बँडवाल्या जाकीरला घेऊन गुपचूप गावाबाहेर गेले. कपाशीची पऱ्हाटी उपटून रिकाम्या केलेल्या वावरात नूरीला बांधाशी लावली, बिस्मिल्ला म्हटलं आणि तिसऱ्या झटक्याला ते खोगिरावर पोचले.

"भेऊन राह्यले का, निजामभाई?"

"नाही बे. वारा हाये."

"वारा तं बंद हाये."

पाठ सरळ, नजर समोर, असं निजामभाई पुटपुटत होते. नूरी मात्र जागची हलेना. टाच मारली, चुचकारलं, जाकीरनं ओढून पाहिलं. शेवटी त्याच्या ध्यानात आलं.

"हिले बाजा पाहिजे, भाई. बिना बाजाची ही आजलोक चाललीच कुठं?"

त्यानं लगाम निजामभाईंच्या हातात दिला आणि गळ्यात कायम अडकवलेलं ट्रम्पेट दोन्ही हातांनी तोंडाला लावलं. नूरीनं कान टवकारले, मान ताठ केली आणि ठुमकत निघाली. लगाम माझ्या हातात आहे, हे निजामभाईंच्या लक्षात आलं. पण या वाक्यानं धीर येतो असं त्यांना आज काही वाटलं नाही.

घोडी वावराला चक्कर मारील अशी त्यांची कल्पना. नूरीची कल्पना वेगळी होती. बाजा वाजला की गावात जायचं, एवढंच ती शिकली होती.

"जाकीर, बंद कर बे! गावाकडं चालली!"

जाकीरला कसलं ऐकू येतंय? कित्येक महिन्यांनी वाजवायला मिळालं होतं, डोळे मिटून वाजवत होता.

गावानंही कित्येक महिन्यांत वरात पाहिली नव्हती. माणसं हातातली कामं टाकून बाहेर आली. जानरावांनी तर विचारपूस न करता खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि घोडीपुढे नाचायला सुरुवात केली. तानुबाई ओरडल्या, "नवरदेव कोन हाये वं?"

"निजामभाई!"

"अन् नवरी?"

हे कुणालाच सांगता येईना, म्हणून सगळे नवरी पाहायला मागे चालू लागले.

नूरी रीतीप्रमाणे मारुतीच्या पारापुढे थांबली, मग जुन्या मशिदीपुढे थांबली. या दोन थांब्यांच्या मध्ये कुठेतरी निजामभाईंनी भीतीनं गच्च मिटलेले डोळे उघडले. जन्मभर घोडीच्या मानेजवळून पाहिलेलं गाव त्यांनी पहिल्यांदा वरून पाहिलं. सगळे चेहरे त्यांच्याकडे वळलेले, आणि सगळे हसरे. त्या सालात गाव असं हसलं नव्हतं. त्यांना एकदम भरून आलं. भीती गेली नव्हती, पण पाठ आपोआप सरळ झाली होती.

आता नूरी मांडव शोधू लागली. गावात मांडव कुठे नव्हताच. नूरीला ऊन लागू नये म्हणून बानोनं दारापुढे मांडवाचं जुनं कापड बांधलं होतं, तेवढंच. नूरी बरोबर त्याखाली जाऊन उभी राहिली. तिथे खाटेवर भगवानराव बसलेले. ते वेळेआधीच आले होते. जाकीरचा बाजा थांबला. बानो डाळीची पाटी घेऊन दारात आली, नवऱ्याकडे पाहत राहिली.

"नवरी कोन हाये म्हने?" तिनं विचारलं.

वरून खोटं बोलायला निजामभाईंना जमेना. "बानो, त्या दिवशी घोडी बुक नव्हती."

"मले मालूम हाये. तुमच्या सायकलमांगं तुमचे अब्बा तवाची घोडी घेऊन आल्ते. निकाह होईलोक आमच्याच गल्लीत रिकामी उभी होती. माह्या भावानं चारा टाकला."

"मंग इतके वर्स बोलली काऊन नाही?"

"तुमी सायकलवरबी कापत होते. म्हटलं, आधीच भेला हाये मानूस."

गर्दी हसली. भगवानराव उठले, नूरीच्या मानेवरून हात फिरवला. "चाल गरीब हाये. इतका भेनारा मानूस पडला नाही, तं लेकरं काय पडतीन? ठरलं, निजामभाई. उतरा, घेऊन जातो."

निजामभाईंनी मान खाली घातली आणि रिकिबीतून पाय काढला. बानोनं पाटी नूरीच्या तोंडापुढे धरली.

"आज नाही जमत, भाऊ," ती म्हणाली. "घोडी बुक हाये."

"कोनाच्या लग्नाची?"

"माह्या."

तिनं निजामभाईंचा पाय धरून पुन्हा रिकिबीत बसवला आणि त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. "भेऊ नका. अन् उतरू नका लगेच. पाहू द्या मले."