गिधाडाची उडी

गादी घरपोच आली तेव्हा तपासनीस घरात एकटेच होते. बायको बहिणीकडे गेली होती. तसं पाहिलं तर काम किती साधं! गादी घ्यायची, सही करायची, हमालांना पाणी विचारायचं आणि गप्प बसायचं. पण पन्नाशीला टेकलेल्या पुरुषाला सुट्टीच्या दुपारी घरात एकटं सोडू नये, एवढं त्या माउलीच्या लक्षातून निसटलं.

हमाल गादी खोलीच्या मधोमध जमिनीवर टाकून गेले. पांढरी, ऐसपैस, वीतभर जाड, वरचं प्लॅस्टिक अजून तसंच. तपासनिसांनी ती पायाने दाबून पाहिली. पुन्हा दाबली. आणि त्यांना एकदम लहानपण आठवलं. ही गादी नव्हतीच, ही टीव्हीवरच्या कुस्तीची रिंग होती! चारी बाजूंनी दोर बांधलेली, जिच्यासाठी ते शेजाऱ्यांच्या दारात चपला हातात धरून तासभर उभे राहत असत. ते लांब केसांचे राक्षस, त्या चकचकीत चड्ड्या, खुर्चीने मारामारी चाललेली असताना नेमका दुसरीकडे बघणारा पंच! आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे गिधाड. त्याचं खरं नाव कुणालाच धड उच्चारता येत नव्हतं. तो कोपऱ्यातल्या खांबावर चढायचा, दोन्ही हात पंखांसारखे पसरायचा, मान हळूहळू फिरवून सगळ्यांकडे बघायचा आणि मग कोपर खाली करून झेपावायचा. खालचा माणूस संपला.

तपासनिसांनी दाराला आतून कडी लावली. शर्ट काढला. ते टेबलावर चढले, हात पसरले, मान फिरवून कपाटाकडे आणि पंख्याकडे बघितलं, आणि उडी घेतली.

कोपर गादीच्या कडेला लागलं. गादी प्लॅस्टिकमुळे सुळ्ळकन पुढे सरकली, आणि उरलेले तपासनीस फरशीवर बसले. माकडहाडावर.

आता तपासनीस नोकरीला कुठं, तर विमा कंपनीत, अपघाताचे दावे तपासायला. कोण कुठं पडला, कसा पडला, खरंच पडला की नुसताच कण्हतोय, हे हुडकण्यात त्यांची हयात गेलेली. "खोटं बोलणारा माणूस फार बोलतो," असं ते ऑफिसात नव्या लोकांना शिकवायचे. "खरा पडलेला एकच गोष्ट सांगतो आणि कण्हतो." त्यामुळे कसंबसं सरपटत कडी काढून, शर्ट अंगात चढवून ते बायकोची वाट बघत पडले, तेव्हा त्यांची जबानी तयार होती.

"अगं बाई! अहो, काय झालं?"

"पडलो."

"कुठं?"

"जिन्यात." मग जरा थांबून, कसलेल्या माणसाच्या सफाईने त्यांनी ती एकच गोष्ट जोडली. "जिना ओला होता."

झालं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बायकोने एकही उलटा प्रश्न विचारला नाही. तिने त्यांना उताणं झोपवलं, कमरेखाली उशी सारली, पदर खोचला आणि तडक पहिल्या मजल्यावर गेली. तिथे इमारतीचे अध्यक्ष राहत. निवृत्त हेडमास्तर. सगळी इमारत त्यांना हेडमास्तरच म्हणायची आणि दारावरून जाताना अजूनही आवाज खाली करायची.

"माझा नवरा मरता मरता वाचला," ती म्हणाली. "जिना पुसायचा म्हणून बादलीभर पाणी ओतून जायचं, ही काय पद्धत झाली?"

हेडमास्तरांना निष्काळजीपणा खपत नसे. त्यांनी बुधवारी सभा बोलावली, आणि सभेत काय ते ठरेपर्यंत जिना पुसणाऱ्या मावशींनी कामावर यायचं नाही, असं सांगून टाकलं.

तपासनिसांना हे कळलं तेव्हा त्यांच्या तोंडची चवच गेली. मावशी कित्येक वर्षं त्या इमारतीचा जिना पुसत होत्या. विधवा बाई, लेकीचं नर्सिंगचं शिक्षण त्या जिन्यावर चाललेलं. एका इमारतीने काढलं की त्या रस्त्यावरच्या कुठल्याच इमारतीत काम मिळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशी स्वतःच आल्या. हातात तेलाची बाटली.

"साहेब, हे चोळा. माझ्या भावाला गुण आला होता." त्या दारातच उभ्या राहिल्या. "मी काल फडका घट्ट पिळूनच मारला होता हो. पण तुम्ही काय खोटं बोलणार? तुम्ही पडलात म्हणजे राहिलं असेल पाणी कुठंतरी."

यापेक्षा त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. तपासनीस भिंतीकडे तोंड करून पडले. त्यांना स्वतःची अशी लाज वाटली, की कमरेची कळसुद्धा थोडा वेळ मागे पडली.

पण खरं सांगायचं कसं? बायकोला काय म्हणायचं, मी उघड्या अंगाने टेबलावर चढून गिधाड झालो होतो? त्यांनी विचार केला, खरं सांगायला नको, खोटंच थोडं वळवू.

"अगं," रात्री जेवताना ते म्हणाले, "मला वाटतं, जिना तितका ओला नव्हता. चप्पलच झिजलेली असेल."

बायको उठली, चप्पल घेऊन आली आणि तळवा त्यांच्या नाकासमोर धरला. चप्पल कोरी करकरीत.

"मग चक्कर आली असेल मला."

हे म्हणजे आगीतून फुफाट्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त, दुपारी छातीचा ईसीजी, संध्याकाळी डॉक्टर. जेवणातलं मीठ गेलं, चहातली साखर गेली. डॉक्टरांनी सगळे कागद चाळले, मग तपासनिसांचं कोपर उचलून उलटसुलट केलं.

"गंमत आहे," ते म्हणाले. "जिन्यावरून पडणारा तळहात टेकतो. तुमचं कोपर काळंनिळं झालंय."

"म्हणजे काय, डॉक्टर?" बायकोने घाबरून विचारलं.

"म्हणजे चक्कर बिक्कर काही नाही. माणूस ठणठणीत आहे. पडताना अवघडला असेल."

"बघा!" बायको म्हणाली. "म्हणजे जिनाच ओला होता."

तेव्हा सभेत उभं राहून खरं सांगून टाकायचं, असं तपासनिसांनी ठरवलं. चारचौघांत अब्रू जाईल तर जाईल, बाईची भाकर तर वाचेल. बायकांच्या कानावर यथावकाश जाईलच, त्याला इलाज नव्हता.

सभा हेडमास्तरांच्या बाहेरच्या खोलीत होती. आठ-दहा पुरुष, सगळे तपासनिसांच्याच वयाचे, सतरंजीवर बसलेले. तपासनीस एकटे खुर्चीवर, खाली उशी घेऊन. हेडमास्तरांची आणि तपासनिसांची बायको, दोघी आत चहाला लागल्या होत्या. मावशींना बाहेर जिन्यातच बसायला सांगितलं होतं. बोलावलं की आत यायचं. हेडमास्तरांनी आतलं आणि बाहेरचं, दोन्ही दारं लोटून घेतली.

"विषय एकच," हेडमास्तर म्हणाले. "बेफिकिरी. तपासनीस, काय घडलं ते सांगा."

तपासनीस उशीवरून उठले. "जिना ओला नव्हता," ते म्हणाले. "मी जिन्यावरून पडलोच नाही. मी घरात टेबलावरून गादीवर उडी मारली. लहानपणी टीव्हीवर कुस्ती लागायची ना, त्यातल्या गिधाडासारखी. मावशींची काही चूक नाही. चूक माझी आहे."

कुणी हसलं नाही. हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तपासनिसांना हातावर छडी बसणार असंच वाटलं.

"वेष्टण काढलं होतं गादीचं?" हेडमास्तरांनी विचारलं.

"नाही."

"मग सरकणारच!" हेडमास्तर कळवळून म्हणाले. "अहो, तुम्हाला कळायला नको?"

मग बांध फुटला. अमुक कुस्तीत गिधाडाचा मुखवटा फाटला होता, तमुक कुस्तीत पंचालाच दोरात गुंडाळला होता. एकाने तेव्हा धाकट्या भावाचा हात मोडला होता, दुसऱ्याने बापाचा मार खाऊन टीव्हीची काच चिकटवली होती. हेडमास्तर तर त्या काळी नुकतेच शाळेत लागलेले. पोरांच्या दप्तरातून पैलवानांच्या चित्रांचे पत्ते जप्त करायचे. "पोरं एवढी बिघडतात कशाने, ते पाहायला हवं म्हणून मी एक दिवस टीव्ही लावला," ते म्हणाले. "मग पाहतच राहिलो." अशी मंडळी रंगली, की सभा कशासाठी आहे याचा सगळ्यांना विसर पडला. एक तपासनीस सोडून.

"मग मावशींना आत बोलवायचं ना?" ते दोनदा म्हणाले. कुणी ऐकलं नाही.

एवढ्यात कोपऱ्याच्या दुकानातला केमिस्ट म्हणाला, "काही म्हणा, पण सगळं खोटं होतं हो ते. कोण हरणार हे आधीच ठरवायचे."

एखाद्याच्या आईवरून बोलावं तसे सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"खोटं?" हेडमास्तर म्हणाले. "मग यांचं माकडहाड खोटं आहे का?"

"यांना उडी मारता आली नाही. त्यांना लागायचंच नाही, तशी उडी शिकवलेलीच असायची."

"लागत नव्हतं कारण गिधाड कोपर असं ठेवायचा, असं! यांनी असं ठेवलं. मुळात पायाच चुकला. तुम्ही झोपा खाली."

"मी?"

"पुराव्याशिवाय आरोप चालायचे नाहीत. झोपा."

केमिस्ट सतरंजीवर उताणा झाला. दोन पांघरुणं घडी करून त्याच्या छातीवर ठेवली. तपासनीस "हेडमास्तर, ऐका माझं, दुखतं हो फार," म्हणेपर्यंत हेडमास्तर तपासनिसांच्याच खुर्चीवर चढले होते. त्यांनी हात पसरले. मान हळूहळू फिरवली. उभ्या आयुष्यात शाळेच्या प्रार्थनेलासुद्धा त्यांच्या तोंडावर एवढं तेज कुणी पाहिलं नव्हतं.

केमिस्टचं एक खरं, की टीव्हीवरच्या कुस्त्या त्याने नीट पाहिल्या होत्या. उडी अंगावर येईपर्यंत निपचित पडून राहायचं आणि अगदी शेवटच्या क्षणी बाजूला लोळायचं. तो लोळला.

आवाज असा झाला, की आतल्या दोघी कपबश्या टाकून धावत आल्या.

"अहो!" हेडमास्तरीणबाई किंचाळल्या. "काय झालं यांना?"

हेडमास्तर पालथे पडले होते. त्यांनी कष्टाने मान उचलली. "जिन्यावरून पडलो," ते म्हणाले.

"जिन्यावरून? तुम्ही तर खोलीत आहात!"

"आम्ही उचलून आणलं," केमिस्ट म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या.

तपासनीस मटकन खाली बसले, आणि लगेच ओय म्हणून उठले. केलं सवरलं सगळं मातीत! आता मावशींवर एकाच्या जागी दोन पडझडी. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, तोच हेडमास्तरांनी पडल्या पडल्या त्यांचा घोटा घट्ट धरला.

पण तपासनिसांची बायको दाराकडे बघत होती. तिच्या कपाळाला आठी पडली. "एक मिनिट," ती म्हणाली. "मावशी तर परवापासून कामावरच नाहीत. मी आत्ता जिन्यानेच आले, कोरडा ठणठणीत होता. धूळ साचलीय धूळ!"

"मग?" हेडमास्तरीणबाईंनी विचारलं.

"मग काय? म्हणजे पाण्याचा दोष नव्हताच. त्या बाईला आपण उगाच बोल लावला. जिन्याचीच काहीतरी भानगड आहे."

पुरुषांना एवढं सुचलं नसतं. एका क्षणात सगळ्यांची तोंडं उजळली. "जिन्याचीच भानगड!" "मी केव्हापासून म्हणतोय!" "पायऱ्याच उताराच्या आहेत!" सुंठीवाचून खोकला गेला म्हणून तपासनिसांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि स्वतः जाऊन दार उघडलं.

मावशी दाराला लागूनच, वरच्या पायरीवर बसल्या होत्या. सभा सुरू झाल्यापासून तिथून हललेल्या नव्हत्या. तेव्हा कुठं तपासनिसांच्या लक्षात आलं, की जिन्यावरून कोण पडलं आणि कोण नाही, हे खोलीतल्या पुरुषांखेरीज या जगात फक्त या बाईला पक्कं माहीत आहे.

"मावशी," तपासनिसांच्या बायकोने विचारलं, "हेडमास्तर आत्ता कुठल्या पायरीवरून पडले हो? तुम्ही इथंच होतात ना?"

मावशींनी दारातून आत पाहिलं. पालथे हेडमास्तर, खुर्ची, घडी केलेली पांघरुणं, घामाने डबडबलेला केमिस्ट. मग तपासनिसांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. तपासनिसांनी मान खाली घातली.

"याच पायरीवरून," मावशी म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांदेखत पडले, बाई. फार वाईट पायरी आहे ही."

केमिस्टने कपाळ पुसलं.

"मी उद्यापासून येते कामाला," मावशी पुढे म्हणाल्या. "पण एवढा धोक्याचा जिना आहे म्हटल्यावर पगारात वाढ हवी. महिन्याला पाचशे. आणि चार दिवस बसवून ठेवलंत, त्याचं काय ते बघा."

"चार कुठं, मावशी? दोनच तर..." केमिस्टने तोंड उघडलं.

"दोनच पडलेत खरं," मावशी त्याच्याकडे वळून म्हणाल्या. "इतकी वर्षं पुसतेय, पण बाईमाणूस या जिन्यावरून एकही पडलं नाही बघा. पुरुषच पडतात. का बरं असेल?"

आतल्या दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, मग आपापल्या नवऱ्याकडे.

"मंजूर!" हेडमास्तर जमिनीवरून ओरडले.

तपासनिसांनी अनुमोदन दिलं. केमिस्टने दोन्ही हात वर केले.