नानांचा नऊ नंबर

आमच्या पोशीरच्या कबड्डी संघात एक ते आठ यांतला एकही नंबर कुणाच्या पाठीवर दिसत नाही. सुरुवातच नऊपासून, मग एकदम चौदा, बावीस, सदतीस. शिळफाट्याच्या स्पर्धेत पंचांनी विचारलं, "बाकीची पोरं टेंपोतच राहिली का?" आमचे बाळाराम नाना छाती काढून म्हणाले, "नाय साहेब. ती खुंटीवर हायत." पंचांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

नाना आमच्या शेजारचे. साजगावच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून भातशेती बघतात, म्हणजे बांधावर बसून कबड्डीचा विचार करतात. ज्या खेळाडूनं नाव राखलं, त्याचा नंबर पुन्हा कुणी घालायचा नाही, त्याची जर्सी मंडळाच्या खोलीत खुंटीवर कायमची लावायची, हा कायदा त्यांचाच. जर्सी ते स्वतः धुतात, सावलीत वाळवतात, नारळ फोडतात. खुंटी मात्र त्या खेळाडूच्या आईनं ठोकायची. "वाढवला तिनी. आपण नुसता खेळवला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पण खुंटी मिळणं सोपं नाही. सरपंचांचा भाचा तुफान चढाया करायचा, हातातून गेलेला सामना एकटा फिरवायचा. सरपंच स्वतः शब्द टाकायला आले. नाना बशीतला चहा फुंकत म्हणाले, "पॉइंट लय काढलं पोरानी. पण बाद झाला का पंचावर धावून जायचा. त्याच्या जर्सीनं खुंटी तुटंल माझी." सरपंच चहा अर्धा टाकून उठले. नानांनी तोही संपवला.

आणि खुंटीवरचा चार नंबर? तो आमचा कोपऱ्यातला गडी, कधी फारसा कुणाच्या नजरेत न भरलेला. अंतिम सामन्यात समोरच्या चढाईपटूचं बोट याच्या पायाला निसटतं लागलं. पंचांना दिसलं नाही, आम्हालाही नाही. यानं आपणहून हात वर केला आणि बाहेर जाऊन बसला. एका गुणानं हरलो. गाव त्याच्याशी बोलेना. नानांनी दुसऱ्याच दिवशी त्याच्या आईच्या हातात हातोडी दिली. माउली रडत रडत खुंटी ठोकत होती आणि बाहेर कुरकुरणारी माणसं एकेक करून चपला काढून आत येत होती. शेजारी राहून इतकी वर्षं ज्यांची टिंगल केली, ते नाना मला त्या दिवशी खरे दिसले.

तर असे नाना, आणि त्यांचा स्वतःचा नंबर नऊ. माझे वडील सांगायचे, तिघं कमरेला लोंबकळत असताना हा माणूस मध्यरेषेला हात लावून यायचा. तरी नऊ नंबर अजून चालूच. जो कोणी नवा चढाईपटू येईल, त्याला नाना हटकून नऊ देतात. आम्हाला हा अन्याय वाटायचा. शेवटी यंदाच्या स्पर्धेआधी आम्ही गुपचूप बेत केला. नानांची आई कधीच गेलेली, मूलबाळ नाही, नानीही दोन वर्षांपूर्वी गेल्या. म्हणून खुंटी आम्हीच ठोकली, नऊ नंबरची जर्सी लावली, हार घातला, पेढे आणले आणि नानांना बोलावलं.

नाना दारातच थांबले. टाळ्या चालू होत्या, त्या हळूहळू बंद पडल्या.

"कुणी लावला रं ह्यो?"

"नाना, मान हाय तुमचा," मी म्हणालो. "तुमच्याइतका कोण खेळला?"

त्यांनी हार काढून बाजूला ठेवला. जर्सी उतरवून छातीशी धरली.

"ह्या भिंतीवरच्या नंबराला कोण हाक मारतंय का? सांगा ना."

नाना जर्सीवरून हात फिरवत राहिले.

"नानी गेल्यापासून घरात मला कोण हाक मारत नाय रं. रेडिओ लावून ठेवतो. मैदानात तुमी पोरं नऊ, नऊ करून वरडता ना, तेवढंच बरं वाटतं. ते नका बंद करू."

एवढं बोलून त्यांनी नव्या चढाईपटूला पुढे ओढलं आणि जर्सी त्याच्या डोक्यातून घातली. मग आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले, नाना सोडून. त्यांना साखर आहे.

रविवारी स्पर्धा झाली. शेवटची चढाई, बरोबरीचा सामना. नऊ नंबर रेषेवर उभा, आणि पोशीरची अख्खी गर्दी बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "नऊ! चढ रं नऊ! नऊ!"

नाना माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी धोतर सावरलं, गुडघ्यावर हात टेकले आणि अर्धवट उठत अगदी हळू म्हणाले, "आलो रं, आलो."