सत्तार गुर्जींची वजाबाकी

सत्तार गुर्जींच्या ओट्यावर चहा प्यायचा तर आधी वजाबाकी करावी लागायची. मी त्यांचाच विद्यार्थी, आता साठी उलटलेला. पण परतवाड्यात वयाकडे पाहतो कोण?

टेबलावर खराट्याच्या काड्यांचे दहा-दहांचे गठ्ठे आणि दोन-चार सुट्या काड्या.

"बावनातून सतरा काढ, बेटा."

"पस्तीस. चहा आणा."

"तोंडी कोनं विचारलं तुले? काड्या काढ."

सुट्या दोनच, काढायच्या सात. मग गठ्ठा सोडा, त्याच्या दहा काड्या सुट्यांत मिसळा, तेव्हा कुठे चहा. दूधवाला सुटला नाही, गॅसवाला नाही. गुर्जींच्या भाचीला बघायला अकोल्याहून आलेल्या पाहुण्यांनाही बसवलं. मुलाच्या बापाने सरळ सातातूनच दोन काढले आणि उत्तर सांगितलं पंचेचाळीस. गुर्जी भाचीकडे वळून म्हणाले, "इचार कर बाई." सोयरीक मोडता मोडता राहिली.

गणित कधी सोपं नसायचंच. दर वेळी गठ्ठा सोडावाच लागे. एकदा वैतागून मी म्हटलं, "काहून छळून राहिले गुर्जी? पंचेचाळीसातून तीन द्या ना कधी."

ते मला आत घेऊन गेले. खाटेवर गुर्जींच्या पत्नी, आमच्या भाभी, बसल्या होत्या. लकव्याने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता, आणि बोटं चालती ठेवा असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भाभी दहा काड्या मोजून, दोऱ्याचं एक टोक दातात धरून गाठ मारत होत्या. एका गठ्ठ्याला अर्धी दुपार जायची.

"कोनी सोडलेच नाई, त उद्या तिले काम काय देऊ?" गुर्जी हळूच म्हणाले. "अन म्याच सोडले, त तिले समजते."

त्यानंतर मी रोज जाऊ लागलो. चहा बिनसाखरेचा असायचा, तरी.

यंदा उन्हाळ्यात भाभी गेल्या. चाळिसावा झाल्यावर मी ओट्यावर जाऊन बसलो. टेबलावर काड्या तशाच होत्या. म्हटलं, "द्या गुर्जी, वजाबाकी."

"अडतीसातून पंधरा काढ."

आठ सुट्यांतून पाच काढल्या, एक गठ्ठा अख्खाच बाजूला ठेवला. झालं गणित. पहिल्यांदाच इतकं सोपं.

"काहून गुर्जी? कठीण द्या ना," म्हणत मी एका गठ्ठ्याच्या गाठीला हात घातला.

त्यांनी माझा हात धरला.

"नको सोडू, बेटा. आता बांधनारं कोनी नाई."

त्या दिवशी चहा मीच केला.