बासष्ट पूर्णांक चार टक्के

कोणतीही मोठी संस्था माणसं एकमेकांशी बोलतात म्हणून चालत नाही. ती न बोलताही काम भागेल अशी सोय केलेली असते म्हणून चालते. जिथे सगळेच सगळ्यांशी बोलतात तिथे फक्त चहा संपतो. (असा एक विभाग प्रत्येक कारखान्यात ठेवावा लागतो. त्याला प्रशासन म्हणतात.)

या कारखान्यात खोकी चिकटवायचा गोंद होत असे. एका टोकाला टाक्या, पंप, झडपा आणि वाफ, म्हणजे प्रत्यक्ष गोंद. दुसऱ्या टोकाला गार हवेचा नियंत्रण कक्ष, म्हणजे गोंदाविषयीची माहिती. दोन्हींच्या मधे अडीचशे पावलं आणि एक डबी. डबीचं कागदोपत्री नाव ‘क्षेत्रीय संदेशवहन जोडणी घटक, क्रमांक तीन’. डबी बनवणारे तिला बस कपलर म्हणत आणि वापरणारे नुसतं डबी. हाताच्या पंजाएवढी, राखाडी, वर एक हिरवा दिवा. टाकी किती भरली, पंप चालू की बंद, कोणती झडप उघडी, हे सगळे निरोप ती गोळा करी, नियंत्रण कक्षाला कळेल अशा भाषेत बदली आणि एकाच तारेवरून तिकडे पोचवी. तिकडचे हुकूम त्याच तारेवरून इकडे आणी. टाकीला पडद्याशी बोलावं लागत नसे, पडद्याला टाकीचं तोंड बघावं लागत नसे. अकरा वर्षांत डबीने एकही रजा घेतली नव्हती, एकदाही ‘हे माझं काम नाही’ म्हटलं नव्हतं आणि एकाही निरोपात स्वतःच्या पदरचा शब्द घातला नव्हता. कारखान्यातल्या बाकी दोनशे चौदा कर्मचाऱ्यांपैकी या तिन्ही कसोट्यांना उतरणारा एकच होता, आणि तो दीर्घ आजारपणात होता.

या डबीवर सगळ्यात जास्त भिस्त होती धाकट्याची. धाकटा नियंत्रण कक्षात पडद्यासमोर बसे. त्याचा सख्खा थोरला भाऊ टाक्यांकडे काम करी. आणि या दोघांमधला अबोला चौथ्या वर्षात पदार्पण करत होता.

अबोल्याचं कारण चोख होतं. धाकट्याच्या मुलीचं लग्न ठरलं, ती बातमी धाकट्याने बायकोला सांगितली, बायकोने मोठ्या जावेला सांगितली आणि मोठ्या जावेने जेवताना थोरल्याला सांगितली. “मला निरोप पाठवतो?” एवढं बोलून थोरला ताटावरून उठला. लग्नाला तो आला, सातव्या रांगेत बसला, पोटभर जेवला, पुतणीच्या डोक्यावर हात ठेवून दोन मिनिटं रडला आणि भावाकडे न बघता घरी गेला. निरोप पाठवला म्हणून रुसलेला माणूस पुढची तीन वर्षं फक्त निरोपांवर जगला, यात विसंगती आहे असं वाटत असेल तर तुम्हाला भाऊ नाही.

घरातली डबी म्हणजे आई. थोरला खाली राहायचा, धाकटा वर, आणि आईचा मुक्काम जिन्यात. “त्याला सांग, पाण्याची टाकी वाहतेय, डोळे फुटलेत का?” असा निरोप खालून निघे आणि वर पोचेपर्यंत “दादा म्हणत होता, पंप बंद करतोस का बाळा,” असा होई. भाषा बदलून देणं हे चांगल्या जोडणी घटकाचं मुख्य कामच आहे, आणि आई त्यात डबीच्या दोन पावलं पुढे होती. शिवाय रोज रात्रीच्या जेवणाला ती एक ठरलेलं वाक्य वर आणून टाकी, “दादा बरा आहे. तुझी चौकशी करत होता.” धाकटा “हूं” म्हणे आणि पुढचा घास घेई. त्या वाक्यावर त्याचं बरंच चाललं होतं.

कारखान्यात मात्र दोघांचा एक खाजगी व्यवहार अजून चालू होता. टाक्यांकडे झडप क्रमांक सात नावाची झडप होती. तिची टाकी सहा वर्षांपूर्वी भंगारात गेली होती, पण झडपेचं बटण पॅनेलवर राहिलं होतं आणि पडद्यावर तिचा ठिपकाही. बोलत होते त्या काळात दोघांनी ठरवलं होतं, की थोरला चारच्या चहाला निघाला की सातचं बटण दोनदा दाबेल. पडद्यावर ठिपका दोनदा लुकलुके आणि धाकटा आपला थर्मास उघडे. अबोला सुरू झाला तेव्हा हे बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही. किंवा सुचलं, आणि त्याबद्दल बोलणार कोण? दरवर्षी निरुपयोगी ठिपके काढून टाकण्याची मोहीम निघे, दरवर्षी धाकटा ‘झडप सात ठेवावी’ असा अर्ज भरी आणि कारणाच्या रकान्यात ‘भविष्यातील गरज’ लिही. साहेब सही करीत. भविष्याला नाही म्हणायची त्यांची प्राज्ञा नव्हती.

त्या वर्षी वरून परिपत्रक आलं, की नियंत्रण कक्षात वाजणाऱ्या धोक्याच्या घंटा चाळीस टक्क्यांनी कमी कराव्यात. धोके कमी करा असं त्यात कुठेही नव्हतं, आणि साहेब परिपत्रक नीट वाचणारे होते. त्यांनी जोडणी घटकांच्या सेटिंगमध्ये ‘निरोप न आल्यास शेवटचे मूल्य धरून ठेवावे’ या ओळीपुढे बरोबरची खूण करवून घेतली, आणि ‘तसे झाल्यास घंटा वाजवावी’ या ओळीपुढची खूण पुसवून घेतली. म्हणजे टाक्यांकडून निरोप येणं थांबलं तरी डबी शेवटचा चांगला आकडा दाखवत राहणार, आणि दिवा हिरवाच. घंटा एकसष्ट टक्क्यांनी कमी झाल्या. साहेबांना बक्षिसाची ढाल मिळाली. त्याच सुमारास टाक्यांवरच्या काचेच्या नळ्याही काढून टाकण्यात आल्या, कारण नळीत दिसणारी पातळी आणि पडद्यावरची पातळी यांत फरक पडे आणि त्यातून वाद होत. नळी निघाल्यावर वाद मिटले.

मग एका मंगळवारी चार वाजले आणि ठिपका लुकलुकला नाही.

धाकट्याने पडदा बघितला. टाकी तीन, पातळी बासष्ट पूर्णांक चार टक्के. तापमान पन्नास. पंप चालू. सगळं हिरवं, इतकं शहाण्यासारखं हिरवं की पाहुण्यांना दाखवावं. चार वाजून दोन मिनिटं झाली. थर्मासचं झाकण त्याच्या हातात तसंच राहिलं. तीन वर्षं दोन महिने, आठवड्याचे सहा दिवस, तो ठिपका कधी चुकला नव्हता. अबोल्याच्या पहिल्या दिवशीसुद्धा लुकलुकला होता, जरा रागाने, असं धाकट्याला तेव्हा वाटलं होतं.

त्याने बिघाड नोंदवायचा अर्ज काढला. त्यात सव्वीस प्रकारचे बिघाड छापलेले होते. ‘भावाने बटण दाबले नाही’ हा त्यात नव्हता. सत्ताविसावा ‘इतर’ होता, पण त्याला साहेबांची पूर्वपरवानगी लागे आणि साहेब ढालीसोबत फोटो काढायला मुख्य कार्यालयात गेले होते.

दादाला रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. चालू होत्या म्हणजे तीन वर्षांपूर्वी चालू होत्या. आता वाढल्या की बंद झाल्या, कोण जाणे. दादा बरा आहे, काल रात्रीच आईने सांगितलं होतं. परवाही तेच सांगितलं होतं. पाच मिनिटं झाली. धाकट्याने पुन्हा आकडा बघितला. बासष्ट पूर्णांक चार. आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की जेवणाच्या सुट्टीच्या आधीही बासष्ट पूर्णांक चारच होतं. गोंद काही इतका शिस्तीचा नसतो. पंप चालू असताना पातळी एका जागी बसत नाही. हा आकडा जुना होता आणि तो मघापासून त्या आकड्याकडे बघून निवांत होता.

भिंतीवर फोन होता. टाक्यांकडच्या फोनचा नंबर दोन आकडी होता आणि तो धाकट्याला पाठ होता. त्याने रिसीव्हर उचलला, ठेवला, घसा साफ केला, परत उचलला. काय म्हणायचं? तीन वर्षांनी पहिला शब्द कोणता? ‘हॅलो’ परक्यासारखं वाटत होतं. ‘दादा’ म्हणावं तर शरण गेल्यासारखं. यात आणखी सहा मिनिटं गेली. चौकशी अहवालात ती ‘यंत्रणेचा प्रतिसाद काल’ अशी नोंदली आहेत. खरं सांगायचं तर तो घाबरला होता, आणि घाबरलाय हे दादाला कळेल म्हणून आणखी घाबरला होता.

शेवटी त्याने दोन आकडे दाबले. तिकडे अर्धीच रिंग वाजली.

“बारक्या, पंप बंद कर आधी!”

“दादा, तू बरा आहेस?”

“गोंदात उभाय! पोटऱ्यांपर्यंत! तुला काय दिसतंय तिथे?”

“बासष्ट पूर्णांक चार.”

“टाकी उतू चाललीय अर्ध्या तासापासून! पंप बंद कर म्हणतो ना!”

धाकट्याने पडद्यावर पंप बंद केला. पडद्याने आज्ञा स्वीकारल्याचं कळवलं आणि फोनमधून पंपाचा आवाज तसाच येत राहिला. मग त्याने रिसीव्हर लोंबता सोडला आणि धावला. पन्नाशीचा माणूस अडीचशे पावलं धावला, वाटेतल्या वीजघरात शिरून पंपाचा मुख्य खटका पाडला आणि टाक्यांच्या दारात येऊन थबकला.

थोरला पॅनेलसमोर उभा होता. झडप हाताने आवळायला गेला आणि कोमट गोंदात बूट जे रुतले ते रुतलेच. झडपेला हात पोचत नव्हता. सातच्या बटणाला पोचत होता. आणि फोनला तर बसल्या जागी पोचावा इतका पोचत होता.

“फोन जवळच होता की रे तुझ्या,” धाकटा म्हणाला.

“होता.”

“मग केला का नाहीस?”

“बटण दाबत होतो ना! नऊ वेळा दाबलं.” थोरल्याने दुसरीकडे बघितलं. “फोन तूच उचलला असतास.”

“बटण दाबलंस तरी मीच बसलेला असतो दादा तिथे.”

“बटणाची गोष्ट वेगळी आहे.”

हे धाकट्याला पटलं. तो गोंदात उतरला, भावाच्या काखेत हात घातले आणि त्याला बुटांतून उपसून बाहेर काढलं. बूट तिथेच राहिले. ते पुढे समितीने पुरावा क्रमांक चार म्हणून जप्त केले. दोघं पायरीवर मोजे पिळत बसले.

“तू माझी रोज चौकशी करतोस, आई सांगते,” धाकटा म्हणाला.

“मी?” थोरला विचारात पडला. “एकदा केली होती. तुझा पाय मुरगळला होता, तेव्हा.”

“त्याला दोन वर्षं झाली.”

“मग तेव्हाच. आणि तू म्हणे रोज माझ्या गोळ्यांचं विचारतोस?”

धाकट्याने गोळ्यांचं एकदाच विचारलं होतं, पहिल्या महिन्यात. त्याने तसं सांगितलं. मग थोरला एवढा हसला की दारातून गोंद बघायला आलेली माणसं मागे सरली, आणि हसता हसता डोळे पुसायला हात वर नेला तर हाताला गोंद.

“गोळ्या किती आता?” धाकट्याने विचारलं.

“दोन होत्या, तीन झाल्या.”

धाकट्याने मान हलवली. तिसरी गोळी कधी सुरू झाली ते विचारायची त्याला लाज वाटली.

चौकशी समितीने त्रेचाळीस पानी अहवाल दिला. नऊ हजार लिटर गोंद, एक बूटजोड आणि वीजघरातली एक खुर्ची (हिचा संबंध शेवटपर्यंत स्पष्ट झाला नाही) यांच्या नुकसानीस जोडणी घटक जबाबदार नाही, असा निर्वाळा देण्यात आला, कारण घटकाने सांगितलं तेच केलं होतं. उपाय म्हणून शेजारी दुसरी डबी बसवावी. पहिली गप्प झाल्यास दुसरी शेवटचे मूल्य धरून ठेवील. दोन कर्मचाऱ्यांमधलं ते दूरध्वनी संभाषण ‘अनधिकृत संदेशमार्ग’ ठरलं. दोघांना समज देण्यात आली. झडप क्रमांक सात निरुपयोगी असल्याचं याच चौकशीत उघड झालं आणि तिचा ठिपका कायमचा काढण्यात आला. धाकट्याने यावेळी अर्ज भरला नाही. चार वाजता तो थर्मास घेऊन अडीचशे पावलं चालत जातो.

आईने आपली पद्धत बदललेली नाही. थोरला वर येऊन धाकट्याच्या शेजारी जेवायला बसलेला असला तरी ती वाढता वाढता सांगते, “दादा बरा आहे. तुझी चौकशी करत होता.”

समितीतल्या एका कनिष्ठ सदस्याने जाता जाता सुचवलं होतं, की पडद्यावरच्या प्रत्येक आकड्याशेजारी तो केव्हाचा आहे हे लिहावं. ही सूचना एकमताने फेटाळण्यात आली. असं लिहायला लागलो तर कुणालाही स्वस्थ बसता येणार नाही, असं कारण साहेबांनी दिलं, आणि त्या एका बाबतीत साहेबांचं बरोबर होतं. वाचकांनी अर्थात काळजी करू नये; आपल्या घरी अशी डबी नसते. फक्त हे वाचताना मधेच तुम्हाला कुणाची तरी आठवण झाली आणि मागोमाग मनात आलं, तो बरा असेल. हिरवा दिवाही लागला. तो आकडा केव्हाचा आहे, तेवढं बघून ठेवा.