मुख्य उद्देश : झोप

"जे दिसेल तेच लिहायचं. जे असेल ते लिहायला वेगळं खातं आहे."

वनवर्गीकरण कार्यालयात रुजू झाला त्या दिवशी जुन्या हेडक्लार्कनी कारकुनाला एवढीच शिकवण दिली, आणि महिन्याभराने ते निवृत्त झाले. बावीस वर्षे कारकुनाने ती पाळली. कार्यालयात सगळे त्याला 'सत्यवादी' म्हणत आणि चहाला बोलावत नसत.

यंदा सरकारने ठरवले, की देशातल्या प्रत्येक वनाचा मुख्य उद्देश निश्चित करायचा. इतकी वर्षे वने नुसतीच उभी होती, ही गोष्ट कुणाच्या लक्षातच आली नव्हती. तक्त्यात पाच रकाने होते : इमारती लाकूड, माती-पाण्याचे रक्षण, वन्यजीव, सहल आणि इतर. मागच्या पाहणीत 'संमिश्र' असा सहावा रकाना होता. पण सगळ्याच कारकुनांनी त्यातच खूण केल्यामुळे तो शिस्तीच्या दृष्टीने बंद करण्यात आला. पाहणीची रीत सोपी होती. सकाळी अकरा ते दुपारी तीन वनात बसायचे, कोण वनाचा काय वापर करतो आणि किती वेळ, हे टिपायचे. ज्या वापराचा वेळ जास्त, तो मुख्य उद्देश.

शहराच्या कडेच्या टेकडीवरचे वन कारकुनाच्या वाट्याला आले. वनात एक झरा होता. त्याचा ओढा होऊन खालच्या वस्तीत जाई. तिथल्या चाळीस घरांचे पाणी तेच, आणि त्यातल्या एका घरात त्याची आत्या राही. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवले होते, ओढ्यावर दवाखान्याच्या चादरी धुऊन. पण हे सगळे सकाळी अकराच्या आधी घडलेले असल्यामुळे तक्त्यात बसत नव्हते.

पाहणीच्या दिवशी कारकून डोळ्यांत तेल घालून बसला. दोन बायकांनी झऱ्यावर घागरी भरल्या : सहा मिनिटे. एका म्हाताऱ्याने काटक्या वेचल्या : पाव तास. एक पक्षी ओरडला : तीन मिनिटे, आवाजावरून. बारा वाजता कारकुनाने डबा खाल्ला. सावली गार होती, वारा मऊ होता. जाग आली तेव्हा पावणेतीन झाले होते.

दुसऱ्या कुणी 'लाकूड' लिहून हात झटकले असते. कारकुनाने थोडा वेळ पेन धरून ठेवले आणि 'इतर'च्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिले : वापर – झोप. वापरकर्ते – एक. कालावधी – दोन तास वीस मिनिटे.

साहेबांनी तक्ता दोनदा वाचला.

"हे काय आहे?"

"साहेब, झोपलो मीच होतो. चूक झाली. पाहणी पुन्हा करू द्या."

"चूक कसली? तुम्ही नागरिक नाही का?"

"आहे."

"नागरिकानं वनाचा वापर केला. तुम्ही तो नोंदवला. माझ्या टेबलावर अठ्ठ्याहत्तर वनं आहेत, सगळी लाकूड, लाकूड, लाकूड. वर गेलो की विचारतात, तुमच्याकडे नवीन काय?" साहेबांनी चष्मा पुसला. "आता सांगायला तोंड आहे."

वरच्यांना तक्ता फार आवडला. महिन्याभरात 'विश्रांती' हा स्वतंत्र रकाना मंजूर झाला आणि टेकडीचे वन देशातले पहिले विश्रांतीवन जाहीर झाले. उद्देश ठरल्यावर वनात बाकी जे काही चालले होते ते सगळे उद्देशबाह्य ठरले. काटक्या वेचणाऱ्या म्हाताऱ्याला समज देण्यात आली, की झोपायचे असेल तर यावे. सुतारपक्ष्यांना शांतताभंगाची नोटीस काढली. घ्यायला कुणी पुढे येईना म्हणून ती झाडावर डकवली. त्यांनी ती टोचून भोके पाडली, तेव्हा दुसरी काढली. झाडांखाली दोनशे लोखंडी खाटा आल्या, आणि गळणारी पाने अंगावर पडून झोपमोड होते म्हणून खाटांवर पत्र्याची छपरे आली. पत्र्यावर पाने वाजतात हे कळल्यावर खाटांवरच्या फांद्या छाटण्यात आल्या.

मग आवाज मोजणारे अभियंते आले. विश्रांतीवनात तीस डेसिबलपर्यंत आवाज चालत होता. झरा एक्केचाळीस भरला. त्याला नळीत घालून टेकडीच्या मागच्या नाल्यात वळवले.

"पाणी बंद केलेलं नाही," अभियंत्यांनी अहवालात स्पष्ट केले, "फक्त गप्प केलं आहे."

चौथ्या दिवशी आत्या कारकुनाच्या घरी आली. डोक्यावरचे चादरींचे गाठोडे तिने दारातच टेकवले.

"ओढा कोरडा पडलाय," ती म्हणाली. "वस्तीत सांगतात, कुणीतरी वनात झोपलं म्हणून."

कारकुनाने गाठोडे उचलून आत ठेवले.

"तू का?"

"हो."

"लहानपणीही असाच. दूध उतू जाऊ देऊ नकोस म्हणून चुलीपुढं बसवलं, की भांडं करपायचं आणि तू भिंतीला टेकून झोपलेला." ती पाटावर बसली. "तेव्हा एक भांडं होतं. आता चाळीस घरं आहेत. पोरीबाळी टेकडीला वळसा घालून नाल्यावर जातात. दीड तास जायला, दीड तास यायला. माझे गुडघे तिथवर नेत नाहीत, अन् दवाखाना म्हणतो, आठवड्यात चादरी आल्या नाहीत तर काम दुसऱ्याला."

"लिहायला नको होतं मी."

"खोटं लिही असं कुठं म्हणतेय? झोपायला नको होतंस."

कारकुनाच्या बायकोने पाणी आणून दिले. आत्याने पेल्यात क्षणभर पाहिले आणि मग प्यायली.

"ओढा परत आणतो, आत्या," कारकून म्हणाला.

"बघ बाबा. जागा राहून आण."

दुसऱ्या दिवशी आत्याला एक पत्र आले. विश्रांतीवनाच्या दोनशे चादरी धुण्याचे काम तिला अनुभवाच्या जोरावर मिळाले होते. अट एकच होती : पाणी स्वतःचे.

कारकुनाने ते पत्र जोडून फेरपाहणीचा अर्ज केला. साहेबांनी नियमांचे पुस्तक काढले.

"होते फेरपाहणी. बरोबर तीनला शिरगणती करायची. निम्म्याहून जास्त माणसं जागी सापडली, तर विश्रांती हा उद्देश रद्द आणि वन होतं तसं करून द्यायचं. झरासुद्धा."

"पाहणी मी करू?"

"तुमच्याशिवाय कोण? तुमच्या सहीवर कुणी शंका घेत नाही. पण आवाज करायचा नाही हं. टाळ्या नाहीत, शिट्टी नाही, खोकलासुद्धा बाहेर जाऊन."

फेरपाहणीच्या दिवशी कारकून बाराला वनात पोचला, आणि त्याने डबा आणला नव्हता. दोनशेच्या दोनशे खाटा भरलेल्या होत्या. फाटकावर अभिप्रायाची वही टांगलेली होती. लोकांनी भरभरून लिहिले होते. 'स्वर्गीय शांतता.' 'सरकारचे एक तरी चांगले काम.' 'वस्तीच्या बायका घागरी वाजवत कुंपणाजवळून जातात, त्याचा बंदोबस्त व्हावा.' या शेवटच्या सूचनेखाली एकशे बारा सह्या होत्या. सगळ्या वळणदार.

माणसे वाईट नव्हती. भली, शिकलेली, वाचणारी होती. घरून येताना एखादे हलकेफुलके पुस्तक आणत. सरकारी कारभाराची टर उडवणारे असले तर फारच आवडीने. पहिल्या पानावर हसत, दुसऱ्यावर शेजारच्या खाटेला "अगदी अस्संच चालतं हो" म्हणत, आणि तिसऱ्यावर पुस्तक हळूच छातीवर उतरे.

एक वाजेपर्यंत वनात जागा असा फक्त कारकून होता.

तीनच्या आत एकशे एक माणसे उठवायची होती, तीही आवाज न करता, आणि उठलेल्याने पुन्हा आडवे होऊ नये असे काहीतरी त्याच्या कानात सांगून. कुंपणापलीकडून घागरी घेतलेल्या मुली चवड्यांवर चालत जाताना दिसत होत्या. झऱ्याच्या जागी नळीचे सिमेंट वाळून पांढरे पडले होते.

कारकुनाने वहाणा काढून हातात घेतल्या. पहिल्या खाटेवरच्या वाचकाच्या छातीवर पुस्तक उघडे होते. गोष्ट संपतच आली होती, शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या, आणि चेहऱ्यावर नुकतेच हसून झाल्याचे समाधान होते. आत्याला दिलेला शब्द मनात घोळवत, पाचोळा वाजू न देता, कारकून त्या खाटेकडे निघाला.